उलटी गाठ

तिच्या काठीचा आवाज आला की गल्लीतली घरं गप्प व्हायची. आत भांडी वाजत असली तर थांबायची, रेडिओ चालू असला तर बंद व्हायचा, आणि ज्याला खोकल्याची उबळ येत असेल तो माणूस उशीत तोंड खुपसून लालबुंद होऊन बसायचा. ती बाहेर उभी राहून काठीनं दार वाजवायची, थोडं थांबून पुन्हा वाजवायची आणि हाक मारायची, "आहे का घरात कुणी?"

घरात सगळे असायचे. पण सांगतो कोण!

ही काठी साथीच्या दिवसांतली. तेव्हा वरून हुकूम होता, कुणाच्या कडीला हात लावायचा नाही, लांबून वाजवा, लांबून बोला. ही गावची आरोग्यसेविका. तिनं कुंपणातली एक काठी उपसून घेतली आणि त्या काठीनं अख्ख्या गावाची दारं वाजवली. ज्या घरात ताप निघेल त्या घरासाठी फोन करायचा. मग पांढरी गाडी यायची आणि माणूस न्यायची. काही माणसं परत आली, काही आली नाहीत. साथ सरली, दोन-तीन वर्षं उलटली, कडीला हात लावायची बंदी कधीच उठली, पण हिच्या हातातली काठी काही सुटली नाही. सवय, दुसरं काय! आणि गावानं ठेवलेलं नावही तसंच राहिलं. तापबाई.

तोंडावर कुणी तसं म्हणत नसे. तोंडावर "या ताई", आणि पाठ वळली की "गेली का तापबाई? सुटलो."

आता तिला ताप नाही, खोकला शोधायचा होता. झालं होतं असं, की साथीच्या दिवसांत खोकणारी माणसं भिऊन घरात दडून बसली. खोकलं की गाडी येते, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. त्यात ज्यांना टीबी होता त्यांचा आजार आतल्या आत वाढत राहिला आणि घरातल्या दुसऱ्यांनाही लागला. दवाखान्याच्या हे उशिरा ध्यानात आलं. मग नवा कारभार सुरू झाला. माणूस दवाखान्यात येत नसेल तर दवाखान्यानं माणसाकडे जायचं. म्हणजे कुणी जायचं? तापबाईनं!

शिंपीणकाकूंच्या दारात ती थांबली. काकूंनी शिलाई मशीनवरचा पाय थांबवला.

"काकू, घरात कुणाला खोकला? पंधरा दिवसांच्या वरचा?"

"अगं बाई, खोकला कसला? आमच्याकडे कुणी शिंकत सुद्धा नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली, चांगली लांबलचक.

"मांजर आहे," काकू म्हणाल्या.

"मांजरीला किती दिवस झाले खोकून?"

"चल, चावट कुठली!" काकू हसल्या. हसता हसताच त्यांनी दार पुढं लोटलं. दोघी एकेकाळी ओट्यावर बसून तास तास गप्पा मारायच्या. आता दार लोटून घेताना काकूंना लाज वाटत होती हे तिला दिसलं, आणि लाज वाटूनही त्यांनी दार लोटलं हेही दिसलं. ऊन चढलं होतं. तिनं पिशवीतली बाटली काढली आणि आपलंच पाणी आपण प्यायली. गावात तिला पाणी विचारायची पद्धत साथीत बंद झाली होती, ती पुन्हा सुरू करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

असं दारोदार फिरून ती दुपारी घरी आली, की अंगणात पाऊल टाकायच्या आधीच तिला खोकला ऐकू यायचा. कोरडा नव्हे, खोलवरून खरवडून येणारा. तो तिच्या सासऱ्यांचा.

गावभर विचारत फिरणारी ही बाई आपल्या घरी मात्र तो प्रश्न विचारत नव्हती. विचारणार कशी? सासरा तिच्याशी बोलतच नव्हता.

अंगण एक आणि चुली दोन. घरात तिची, आणि समोरच्या गोठ्यात म्हाताऱ्याची. गोठ्यात आता गुरं नव्हती, एक शेळी होती. म्हातारा तिथंच निजायचा, तिथंच विटा मांडून भात शिजवायचा, आणि तिथंच बसून सुतळी वळायचा. नवरा लांबच्या बंदरात माल चढवायच्या कामावर होता. त्याचा फोन आधी बायकोला यायचा, मग बापाला. "बाबा जेवले का?" तो बायकोला विचारायचा. "तिचं बरं आहे ना?" तो बापाला विचारायचा. दोघंही "हो" म्हणायचे.

म्हातारा दोर वळणारा. गावात त्याच्यासारखा दोर कुणी वळत नसे. पण जाड दोर हे एकट्याचं काम नाही. अंगणाच्या एका टोकाला चाक. एकानं ते फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाख, म्हणजे दोराचे सुटे तंतू, गुंडाळून बोटांनी तो सोडत सोडत मागे मागे चालत जायचं. चाक जोरात फिरलं तर पीळ जास्त बसून धागा आखडतो, हळू फिरलं तर सुटतो. मागे चालणाऱ्याची नजर सारखी चाक फिरवणाऱ्यावर. सासूबाई चाकावर असायच्या. डावखुऱ्या बाई, डाव्या हातानं चाक फिरवायच्या आणि उजव्या हातानं हातवारे करत नवऱ्याला झापायच्या. "अहो, नीट चाला, मागे दगड आहे! आयुष्यभर उलटं चालूनही तुम्हाला रस्ता कळला नाही." म्हातारा हसायचा. सबंध आयुष्य ती दोघं अशी एकमेकांसमोर तोंड करून, एकमेकांपासून लांब जात जात जगली.

साथीत सासूबाईंना ताप आला. धाप लागली. सुनेनं फोन केला. पांढरी गाडी आली. म्हातारा अंगणात आडवा झाला, म्हणाला, नेऊ नका. सून म्हणाली, "मामंजी, चार दिवसांत परत आणते. माझा शब्द." गाडी गेली. म्हाताऱ्याला शाळेच्या खोलीत वेगळं ठेवलं. चार दिवसांनी सासूबाई गेल्याचा निरोप आला, तोही सुनेच्याच फोनवर. तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही कुणाला. म्हातारा शाळेतून सुटून आला तो सरळ गोठ्यात शिरला. त्या दिवसापासून तो सुनेशी एक शब्द बोलला नाही.

म्हणजे अगदीच बोलत नव्हता असं नाही. शेळीशी बोलायचा.

"काय बाईसाहेब," तो मोठ्यानं म्हणायचा, "आज विहिरीचा पोहरा तुटलाय बरं का. कुणी पाण्याला जाणार असेल तर बघून जावं." किंवा, "बाईसाहेब, तुमच्या मालकिणीनं कुंपणाचं दार उघडं टाकलं. लोकांची दारं वाजवण्यातून आपल्या दाराकडे बघायला सवड कुठली!" लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं शेळीचा नंबर लागला होता. शेळी रवंथ करत ऐकायची. चाक अंगणाच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून पडलं होतं आणि म्हातारा मांडीवर घासून घासून एकट्यानं होईल तेवढी बारीक सुतळी वळत बसायचा. मांडीची सालटं निघाली होती. सुतळी कुणाला नको होती. कापणी तोंडावर आली होती आणि लोकांना पेंढ्यांच्या गाड्या आवळायला जाड दोर हवे होते. दोन-तीन जण येऊन, गोठ्यात डोकावून, बाजारचा नायलॉनचा दोर आणायला निघून गेले. म्हाताऱ्यानं त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि पुन्हा मांडीवर हात घासला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोरवाल्याला हे कुणी शिकवायला नको.

दवाखान्यात बैठक झाली. नवी डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायला गोड. ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात गाडी येईल. गाडीतच छातीचा फोटो काढायचं मशीन बसवलंय. कुणालाही कुठं न्यायचं नाही. हे मला गावाला दहादा सांगायचंय. फोटो काढायचा, घरी जायचं. आजार निघालाच तर औषध घरपोच, सहा महिने. साथीत आपण माणसं उचलून आणली, घरच्यांना भेटू दिलं नाही. त्याची फळं आता भोगतोय. आता कुणाला उचलायचं नाही." मग तिनं एकेका आरोग्यसेविकेला विचारलं, कुणाच्या हद्दीत कोण खोकतंय.

हिची पाळी आली.

"कुणी सांगत नाही, मॅडम. शिंपिणीच्या घरात एक आहे असं वाटतं."

"आणि तुमच्या स्वतःच्या घरी? आपली माणसं आपण तपासायची राहून जातात."

"नाही मॅडम," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी नाही."

तोंडातून निघून गेलं. परत येताना सबंध वाटेत तिला स्वतःची चीड आली. मांजर आहे म्हणाली असतीस तरी चाललं असतं की गं! लोक लपवतात म्हणून गावाला नावं ठेवतेस आणि स्वतः काय केलंस? पण खरं सांगायचं तर तिला दुसरीच भीती होती. नाव सांगितलं तर गाडी दारात येणार, म्हातारा पुन्हा आडवा होणार, आणि ह्या खेपेला तिच्याकडे द्यायला शब्दसुद्धा उरला नव्हता.

त्या संध्याकाळी तिनं बेडका द्यायची प्लास्टिकची डबी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. सकाळी पाहिलं तर डबी शेळीच्या दावणीपाशी होती आणि तिच्यात शेळीला चाटायचं मीठ भरलं होतं.

"बाईसाहेब, मीठ चाटा," म्हातारा आतून म्हणाला. "सरकारनं डबी पाठवलीय तुमच्यासाठी. सरकारला फार काळजी तुमची."

आणि मग हसता हसता त्याला उबळ आली. ती उबळ थांबेना. सून अंगणात झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. खांब धरून वाकलेली ती पाठ तिनं बघितली. सदऱ्याखाली एकेक मणका मोजता येत होता. माणूस कधी इतका वाळला? रोज बघत होती, तरी बघितलं नव्हतं. उबळ संपली तेव्हा म्हाताऱ्यानं तोंडाला धरलेला वाख पटकन मागे सारला. ती पुढं झाली आणि तिनं तो ओढला. पांढऱ्या वाखावर तांबडे ठिपके होते.

"मामंजी!"

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"मामंजी, तुम्ही मला काय वाटेल ते बोला. शेळीला बोला, भिंतीला बोला. पण हे साधं नाही. ह्याला औषध आहे, माणूस खडखडीत बरा होतो. गाडी नेणार नाही तुम्हाला. फक्त फोटो काढणार. येता ना? सोमवारी येतेय गाडी."

मग म्हातारा शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या मालकिणीला सांगा, गाडी माणसं नेते. आणत नाही. मी इथंच मरेन. निदान कुणी तोंड तरी बघेल."

ती घरात गेली आणि चुलीपाशी बसून रडली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी रडली. रडून झाल्यावर फोन उचलला, नवऱ्याचा नंबर काढला, आणि परत ठेवून दिला. त्याला सांगून तो काय करणार होता? तो बोटीवर पोती चढवत होता.

गाडी आली ती शाळेच्या मैदानात उभी राहिली. गावानं लांबूनच ती बघितली आणि दारं लावून घेतली. तीच गाडी होती! निळा रंग मारला होता, बाजूला फुप्फुसांचं चित्र काढलं होतं, आत नवंकोरं मशीन बसवलं होतं, पण गाडी तीच. डावीकडचा पोचा तसाच होता. आणि चालवणाराही तोच, ज्याला गावानं साथीत गाडीच्या भोंग्यावरून भोंग्या नाव ठेवलं होतं. डोकं खाजवत डॉक्टरीणबाई म्हणाली, "मला माहीत नव्हतं हो. नवी गाडी मागितली होती. हीच दुरुस्त करून दिली."

सकाळ गेली. मंडपाखाली खुर्च्या रिकाम्या. पोरं सुद्धा मैदानात फिरकली नाहीत. भोंग्या गाडीच्या सावलीत उकिडवा बसला होता. तापबाईनं थरमासमधला चहा त्याला ओतून दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

"ताई, तुमच्या गावात मला चहा दिलेला हा पहिलाच," तो म्हणाला. "सगळ्या गावांत हेच. मी गाडी थांबवली की रस्ता मोकळा. आमच्या घरी सुद्धा माझी मुलगी म्हणते, बाबा, गाडी लांब लावा, मैत्रिणी येत नाहीत."

"मला तापबाई म्हणतात."

"मला भोंग्या."

दोघं हसली. हसणं लवकर संपलं.

"तुमच्या घरून मी एक म्हातारी नेली होती, नाही का?" तो म्हणाला. "डावखुऱ्या होत्या. विसरणार नाही मी त्यांना."

ती एकदम त्याच्याकडे वळली. "तुम्हाला कसं ठाऊक, डावखुऱ्या?"

"अहो, मागच्या दाराची कडी तेव्हाच मोडली होती. मी दार दोरीनं बांधून चालवायचो. तर म्हातारीला धाप लागलेली, नळी नाकात, आणि तरी सबंध रस्ता मला झापत होत्या. म्हणे, हा दोर आहे का शेवया? कुणी वळला हा? माझ्या नवऱ्याकडून नेत जा मेल्या, दहा वर्षं तुटणार नाही. शेवटी मला गाडी थांबवायला लावली. स्वतःच्या पिशवीचा बंद काढला, घरचाच वळलेला होता म्हणे, आणि आतूनच फटीतून हात बाहेर काढून दार बांधलं. डाव्या हातानं. उलटी गाठ. ती गाठ मला आजवर सुटलेली नाही. मी आपलं दुसऱ्या बाजूनं फासा सरकवून दार उघडतो. गाडीला रंग दिला, मशीन दिलं, पण कडी काही बदलली नाही. ती बघा."

तिनं उठून बघितलं. मागच्या दाराला, कडीच्या जागी, काळपट पडलेला तीन पदरी बंद होता. त्याची गाठ तिनं घरात शंभरदा बघितली होती. पोत्यांना, दाव्यांना, झोळीला. सासूबाई गेल्यापासून तशी गाठ घरात कुणी बांधली नव्हती.

ती काठी तिथंच टाकून घराकडे निघाली. चालत नव्हती, धावत होती म्हटलं तरी चालेल.

म्हातारा गोठ्यात बसला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. सरळ शेळीपुढं जाऊन बसली.

"बाईसाहेब," ती म्हणाली. "तुमच्या मालकांना सांगा, गाडी तीच आलीय. मी खोटं बोलत नाही. सासूबाईंना नेलं तीच. आणि त्यांनी जाताना तिच्या दाराला गाठ बांधलीय. घरच्या बंदाची. ती अजून आहे. ड्रायव्हरला झापत झापत बांधली. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचा दोर दहा वर्षं तुटणार नाही. फोटो काढू नका म्हणावं. काही करू नका म्हणावं. नुसती गाठ बघून या."

शेळीनं तिचा हात चाटला. ती तशीच बसून राहिली. मग विटा सरकल्याचा आवाज आला, आणि म्हातारा तिच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, अंगणातून बाहेर पडला.

गल्लीतून तो भिंतीचा आधार घेत, थांबत थांबत गेला. ती मागून अंतर ठेवून चालली. दारं किलकिली झाली. शिंपीणकाकू मशीन सोडून उंबऱ्यात आल्या. दोरवाला म्हातारा, जो साथीनंतर अंगणाबाहेर पडला नव्हता, तो गाडीकडे निघाला होता.

गाडीपाशी पोचून त्यानं आधी धाप आवरली. मग गाठीवर हात ठेवला. बोटांनी तिचा एकेक वेढा चाचपला, जसा माणूस अंधारात ओळखीचा चेहरा चाचपतो. भोंग्या अवघडून बाजूला उभा होता.

"आजोबा, हवा तर कापून देतो. घेऊन जा घरी."

"कापतोस कशाला?" म्हातारा म्हणाला. "दार कशानं बांधशील मग?"

भोंग्यानं पुढं केलेला हात मागे घेतला.

"फार झापलं का तुला?"

"फार. पण पोचल्यावर म्हणाल्या, गाडी बरी चालवतोस."

म्हातारा हसला, आणि डोळे भरून आले तरी पुसायच्या भानगडीत पडला नाही. "कुठं बसली होती ती?"

भोंग्यानं आतल्या बाजूची बसायची फळी दाखवली. म्हातारा दाराला धरून आत चढला आणि तिथं बसला. बराच वेळ बसला. मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "आजोबा, आता आलाच आहात तर ह्या मशीनसमोर जरा उभं राहता का? श्वास धरायचा फक्त."

"श्वास आहे कुठं धरायला," म्हातारा म्हणाला, पण उभा राहिला.

तो उतरून, कुणीही न अडवता, आपल्या पायांनी घरी परत निघाला. गाव बघत होतं. तो घरी पोचल्याचं गावानं बघितल्यावर मग शिंपीणकाकू आपल्या दिराला दंडाला धरून घेऊन आल्या. "ही घे माझी मांजर," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागून आणखी काहीजण आले. फार नाही. पण गाडी रिकामी गेली नाही.

डॉक्टरीणबाईनं हिलाही मशीनसमोर उभं केलं. "एकाच अंगणात राहता ना? मग तुम्हीही. आणि घरी कुणी नाही म्हणालात त्या दिवशी."

हिनं मान खाली घातली. "हो मॅडम. म्हणाले."

"म्हणतात सगळेच," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि बटण दाबलं.

हिची छाती स्वच्छ निघाली. म्हाताऱ्याच्या दोन्ही फुप्फुसांत आजार होता. बेडका तपासला, त्यातही निघाला. गाडी काही न्यायला आली नाही. गोळ्या घरी आल्या, आणि त्या रोज डोळ्यांसमोर गिळायला लावायचं काम ज्या आरोग्यसेविकेचं, ती घरातच होती.

रोज सकाळी ती तोंडाला मास्क बांधून गोठ्याच्या उंबऱ्यात उभी राहायची. गोळ्या पुढं करायची, पाणी पुढं करायची. म्हातारा गोळ्या गिळायचा. मग तोंड उघडून जीभ दाखवायचा, नियम तसा होता. ज्या तोंडातून तिच्यासाठी इतकी वर्षं एक शब्द निघाला नव्हता, ते तोंड रोज सकाळी तिच्यासमोर पुरं उघडायचं आणि पुन्हा मिटायचं. तिला त्याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. "बाईसाहेब, गोळ्या कडू आहेत," म्हातारा शेळीला सांगायचा. "बाईसाहेब, गोळ्यांनी लघवी लाल होते, डॉक्टरनं सांगितलंय म्हणावं, भिऊ नका," ती शेळीला सांगायची. शेळी बिचारी दोघांच्या मधे उभी राहून इकडं तिकडं बघायची. अंडं उकडून तिनं उंबऱ्यावर ठेवलं तर ते परत येत नव्हतं, एवढा मात्र फरक पडला होता.

शिंपीणकाकूंनी एकदा तिला पाणी विचारलं. ती प्यायली. पण बाकीची दारं अजून काठी ऐकली की गप्पच व्हायची. काठी तिनं मैदानातून परत आणली होती. एक दिवस ती घरी ठेवून नुसत्या हातानं दारं वाजवून बघितली. लोकांनी उघडली, बघितलं, आणि म्हणाले, "तुम्ही होय! आम्हाला वाटलं कुणी पाहुणे आले." ह्यावर हसावं की रडावं ते तिला कळेना. गाव एका दिवसात विसरत नाही. विसरावं तरी कसं, हेही तिला पटत होतं.

कापणी उरकत आली. म्हाताऱ्याचा खोकला उतरला, चेहऱ्यावर थोडं मांस आलं. डॉक्टरीणबाईनं पुन्हा बेडका तपासला आणि सांगितलं, आता जवळ बसायला हरकत नाही, गोळ्या मात्र सहा महिने चुकवायच्या नाहीत.

त्या दिवशी ती फेरी आटपून अंगणात आली आणि उभीच राहिली. कोपऱ्यातल्या चाकावरचं पोतं काढलेलं होतं. चाक पुसून, आसाला तेल देऊन, आपल्या जुन्या जागी रोवलं होतं. अंगणाच्या मधोमध म्हातारा कमरेला वाख गुंडाळून उभा होता. वाखाचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवलेलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, वाखाकडे बघत होता. पण हलतही नव्हता. एकट्यानं होणारं काम नव्हतं ते.

तिनं पिशवी खाली ठेवली. काठी भिंतीला टेकवली. जाऊन चाकाशी बसली. मूठ झिजून गुळगुळीत झाली होती, आणि झीज डाव्या हाताची होती. तिनं क्षणभर विचार केला आणि डावा हात लावला. चाक कुरकुरलं आणि फिरलं. म्हातारा एक पाऊल मागे गेला. बोटांतून वाख सुटू लागला आणि त्याचा धागा ताणत ताणत दोघांच्या मधे लांब होऊ लागला. तिला सवय नव्हती. हात आखडला, मग तिनं जोर केला, चाक सणसणून फिरलं आणि धाग्याला मधेच पीळ बसून गुंता झाला.

"हळू फिरव," आवाज आला. "घाई नाही कुणाला."

तिचा हात थांबला. सवयीनं तिनं मान वळवून गोठ्याकडे बघितलं. खुंट्याला नुसतं दावं होतं. शेळीला सकाळीच शिंपीणकाकूंचा दीर बांधावर चरायला घेऊन गेला होता.

तिनं पुन्हा चाकाला हात घातला आणि हळू, अगदी हळू फिरवायला लागली.

"मामंजी," ती म्हणाली, "मागे दगड आहे."